खरं काय ते एकाच ठिकाणी

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.४०

नवीन वही. ही कुणी वाचणार नाही, त्यामुळे इथे खरं तेच लिहायचं.

आमचं ॲप दातांच्या दवाखान्यांसाठी आहे. कोण पेशंट बाहेर बसलाय, कोण कुठल्या खुर्चीवर आहे, कोण घरी गेला, एवढंच त्याने सांगायचं. तेवढंही धड सांगत नाही. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ रिसेप्शनच्या स्क्रीनवर घरी गेलेले होते, डॉक्टरांच्या स्क्रीनवर खुर्ची दोनवर होते आणि वेटिंग रूममधला टीव्ही त्यांना 'कृपया थांबा' म्हणत होता. प्रत्यक्षात ते पार्किंगमध्ये गाडीची चावी शोधत होते.

कारण उघड आहे. प्रत्येक स्क्रीन आपापली प्रत बाळगून बसलीय. ज्याचं त्याचं वेगळं खरं. खरं एकच पाहिजे, एकाच ठिकाणी पाहिजे, आणि बाकीच्यांनी तिथे बघूनच तोंड उघडलं पाहिजे. त्या ठिकाणाला आमच्या धंद्यात स्टोअर म्हणतात. ते मी बांधणार.

मॅनेजर तयार झाला. २६ तारखेला एका दवाखान्यात चाचणी. चाललं तर त्यांच्या अकराच्या अकरा शाखांत हेच बसेल आणि मी आर्किटेक्ट, म्हणजे सगळ्या रचनेचा प्रमुख, होईन. नाही चाललं तर टीम दाढीकडे देईन असं तो म्हणाला. हसत म्हणाला, म्हणजे गंमत होती.

दाढी, म्हणजे आमचा दाढीवाला, माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. आम्ही दोघं एकाच दिवशी कामाला लागलो, आठ वर्षं डबा एकत्र खातो. माणूस सोन्यासारखा आहे, फक्त शिस्त नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

टीमला दीड तास समजावलं. फळ्यावर मोठा चौकोन काढून आत 'खरं' असं लिहिलं. दाढीने जांभई दिली, पण त्याचं घर लांब आहे.

टेस्टरने हात वर केला. ही मुलगी चुका शोधायचा पगार घेते, त्यामुळे तिला सवयच आहे. म्हणाली, सर, आणि त्या चौकोनातच चुकीचं लिहिलं गेलं तर? मग सगळीकडे एकदमच चुकेल ना? मी सांगितलं, लिहिलं जाणार नाही, कारण लिहिण्याआधी प्रत्येक गोष्ट मी बघणार. ती 'बरं सर' म्हणाली. तिचं 'बरं' मला आवडत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

नियम छापून भिंतीला लावले.
स्टोअरमध्ये कुणीही थेट हात घालायचा नाही.
बदल हवा तर अर्ज करायचा. अर्ज मी मंजूर करणार.
कुणीही स्वतःजवळ प्रत ठेवायची नाही. तात्पुरतीसुद्धा नाही.
तिसऱ्या नियमाखाली दोन रेघा मारल्या.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर आहे. मोज्यांच्या घड्या करत ऐकत होती. म्हणाली, अहो, आमच्याकडे हे कधीचंच आहे. एका पेशंटचा एकच चार्ट, तो पलंगाला अडकवलेला. पण त्यात ड्यूटीवर असेल ती लिहिते, मेट्रन केबिनमध्ये बसून लिहीत नाही. मी म्हटलं, सॉफ्टवेअर वेगळं असतं. तिने दोन वेगवेगळे मोजे एकात एक गुंडाळले. तिचं लक्ष नव्हतं बहुतेक.

९ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ४

मंजुरीसाठी अर्ज: ३१. मंजूर: २. बटण गोल असावं की चौकोनी यावरच आज पावणेदोन तास गेले. दर्जाला वेळ लागतो. लोकांना सगळं झटपट हवं असतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज जे झालं ते लिहून ठेवतो.

दाढीने प्रत ठेवली.

डॉक्टरांच्या स्क्रीनसाठी त्याने आपल्या फाइलमध्ये पेशंटची एक छोटी यादी दडवून ठेवलेली सापडली. मी योगायोगाने बघितली. म्हणजे योगायोगाने त्याच्या सगळ्या फाइली उघडत होतो. विचारलं तर कानावर हात ठेवणं दूरच, साहेब शांतपणे म्हणाले, अरे, माझा अर्ज सहा दिवस पडलाय तुझ्याकडे. तू बटणं बघतोयस. काम पुढे सरकायला नको का?

आठ वर्षं! आजारी होता तेव्हा त्याचं काम मी ओढलं. त्याच्या बहिणीच्या घरबदलात कपाट खांद्यावरून चौथ्या मजल्यावर चढवलं. आणि त्याने माझ्याच पाठीत सुरा खुपसावा? सरळ सांगतो, आज फार वाईट वाटलं. रागावलो आहे असं सगळ्यांना वाटलं, पण वाईटच वाटलं होतं.

दुपारी त्याच्याबरोबर जेवलो नाही. जिन्यात बसून खाल्लं. तिथे वारा असतो.

इथून पुढे या वहीच्या शेवटच्या पानावर फितुरांची यादी ठेवणार. क्रमांक एक: दाढी.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसातच छोटी चाचणी घेतली. पेशंट म्हणून टीमचीच नावं भरली, म्हणजे वातावरण जरा हलकं राहतं. दाढी खुर्ची एक. मॅनेजरसाहेब खुर्ची दोन, दाढ काढणे. सगळे हसले. मॅनेजरसुद्धा थोडा हसला.

सगळं उत्तम चाललेलं असताना मी स्क्रीन रिफ्रेश केली. स्टोअर रिकामं. एकही पेशंट नाही, खुर्च्याही नाहीत. मॅनेजर म्हणाला, म्हणजे खरं एकाच ठिकाणी होतं आणि तिथूनही गेलं. टेस्टर खाली बघून काहीतरी लिहीत होती.

४.२०. उपाय केला. टीमचीच नावं पुन्हा भरली आणि त्या भरलेल्या स्टोअरची एक प्रत लॅपटॉपमध्येच कायमची राहील अशी सोय केली. मशीन बंद पडून चालू झालं की ती प्रत बघून स्टोअर पुन्हा भरेल. ही प्रत नव्हे. ही खबरदारी आहे. अर्ज केला नाही, कारण मंजूर करणारा मीच आणि मला हे मान्य होतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

नोंद घेण्यासारखी गोष्ट. टीम सुधारते आहे.

सकाळी गीझर बिघडला. थंड पाण्याने अंघोळ करून, प्लंबरशी फोनवर हुज्जत घालून ऑफिसात पोचलो. वाटलं, आल्या आल्या अर्जांचा ढीग अंगावर येईल. तीन वाजेपर्यंत एकही अर्ज नाही. तीन वाजता प्लंबरचा फोन आला, झालं काम. तीन वाजून दहा मिनिटांनी अर्ज सुरू! एकामागोमाग एक, नेटके, मुद्द्याचे. अकरा मंजूर केले.

याला लीडरशिप म्हणतात. टीमला माझी लय सापडली आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

डोकं दुखत होतं. कुणाला बोललो नव्हतो. टेबलावर आधीच गोळी आणि पाण्याचा ग्लास. टेस्टरने ठेवलं म्हणे. कसं कळलं विचारलं तर म्हणाली, सर, वाटलं असंच.

दाढी मोठ्याने गाणी लावतो, त्याने आज हेडफोन घातले होते. पश्चात्ताप असणार. यादीतून नाव काढणार नाही, पण पेन्सिलने कंस केला.

घरी मात्र कुणाला किंमत नाही. सकाळी मी बुटांच्या नाड्या बांधत होतो आणि बायको उभ्या उभ्या फोनवर टाइप करत होती. रोजचंच झालंय हे. कुणाला लिहितेस? म्हणे, पुढच्या शिफ्टला कळवतेय. स्वतःच्या नवऱ्याकडे दोन मिनिटं बघायला हिला फुरसत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

टेस्टरचा अर्ज: 'लॅपटॉपवर स्टोअरची जुनी प्रत राहते आहे असं दिसतं. चाचणीआधी काढावी. बहुधा तुमच्या बाजूने आहे.'

तुमच्या! नियम करणाऱ्यालाच नियम शिकवायचा. फितुरांची यादी, क्रमांक दोन. अर्ज नामंजूर केला. कारण या रकान्यात 'अशक्य' असं लिहिलं.

ती भांडली नाही. दाढीकडे बघितलं, दाढीने डोळ्यांनीच 'राहू दे' केलं. यांचं काहीतरी शिजतंय. दोघांचं म्हणावं तर बाकीचेही हल्ली एकाच वेळी फोन बघतात आणि एकाच वेळी माझ्याकडे बघतात.

२३ फेब्रुवारी, सोमवार

संकल्प: चाचणी होईपर्यंत कुणावरही विश्वास ठेवायचा नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ७

उद्या. शर्टाला स्वतः इस्त्री केली. एक बाही बरी आली. आर्किटेक्ट झाल्यावर चार शब्द बोलावे लागतील, ते आरशासमोर म्हणून बघितले. फितुरांचा उल्लेख नावं न घेता करायचा. मोठेपणा त्यातच आहे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १.३०, दवाखान्याबाहेरच्या बाकावर

विश्वासघात.

क्रमाने लिहितो. दहाला सुरू झालं. रिसेप्शनला आमचा तोच ऑफिसचा लॅपटॉप, डॉक्टरीणबाईंकडे एक स्क्रीन, वेटिंग रूममध्ये टीव्ही. तासभर तिन्ही ठिकाणी अगदी एकच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान आहे हो. मॅनेजरने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी रिसेप्शनिस्टने किटली लावायला लॅपटॉपचा प्लग काढला. लॅपटॉप म्हातारा, जागच्या जागी झोपला. तिने पुन्हा चालू केला. आणि टीव्ही खणखणीत आवाजात बोलला: मॅनेजरसाहेब, खुर्ची क्रमांक दोन. दाढ काढणे.

वेटिंग रूममधल्या आजीबाई मॅनेजरला म्हणाल्या, जा हो, नंबर आलाय तुमचा. काही दुखत नाही, एवढे घाबरू नका. टीव्हीने त्याला आणखी चार वेळा बोलावलं.

आत खुर्ची दोनवर एक मास्तर तोंड उघडून बसले होते, अर्धा जबडा बधिर केलेला. स्क्रीनच्या मते ते नव्हतेच. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, माणूस माझ्यासमोर आ करून बसलाय आणि तुमचं यंत्र म्हणतं, इथे कुणी नाही. मी कुणाचं ऐकू? मी म्हटलं, तत्त्वतः स्टोअरचं. त्यांनी रिसेप्शनिस्टला कागद-पेन्सिल काढायला सांगितलं.

चाचणी संपली. मॅनेजर एकटाच गाडीत जाऊन बसला.

कुणीतरी प्रत ठेवली. माझ्या स्वप्नात कुणीतरी माती कालवली. उद्या अकराला सगळ्यांना मीटिंग रूममध्ये बोलावलंय. एकेकाला सोलून काढणार.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी २, जिन्यात

चौकशी झाली.

दार लावून घेतलं. विश्वास या विषयावर वीस मिनिटं बोललो. म्हणालो, ज्याने हे केलं त्याने आत्ता उठून सांगावं, मी काही बोलणार नाही. कुणी उठलं नाही. मग मी टेस्टरला तिचा लॅपटॉप भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनला जोडायला लावला. कुठली ओळ कुणी, कधी लिहिली ते दाखवणारी सोय मीच ११ तारखेला बसवून घेतली होती, दाढीसारख्यांना पकडायला.

तिने विचारलं, सर, नक्की? मी म्हटलं, नक्की.

तिने फाइल उघडली. प्रत ठेवणारी ओळ सापडली. शेजारी नाव, तारीख, वेळ. १३ फेब्रुवारी, ४.२०. नाव माझं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान चिडता आलं असतं. दाढी टेबलाच्या कडेवरचा रंग नखाने काढत बसला. मी म्हटलं, ती प्रत नव्हे, खबरदारी होती. दाढी हळूच म्हणाला, हो रे, माहितीय. सोळा तारखेपासून माहितीय.

माझे कान तापले. एवढी लाज मला शाळा सुटल्यापासून वाटली नव्हती.

आणि तेवढ्यात भिंतीवर, स्क्रीनच्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या देखत मेसेज उगवला. ग्रुपचं नाव: 'सरांची आजची स्थिती'. पाठवणारी: माझी बायको.

'फाइल दाखवलीत का? कसे आहेत? आधी पाणी द्या.'

मी टेस्टरच्या हातातून माउस घेतला आणि वर सरकवत गेलो. रोज सकाळी साडेआठ. तारीखवार.

'१६ फेब्रु. थंड पाण्याने अंघोळ. प्लंबरशी भांडण चालू. तीनपर्यंत काही पाठवू नका.'
त्याखाली, त्याच दिवशी: 'गीझर झाला. पाठवा आता.'
'१८ फेब्रु. कपाळ चोळतायत, सांगणार नाहीत. गोळी जेवणानंतर. गाणी नकोत.'
'२० फेब्रु. मन कशात नाही. अर्ज टाकून बघ, पण नामंजूर झाला तर ताणू नकोस.'
'२७ फेब्रु. नाश्ता अर्धा. आज चौकशी करणार. बोलू द्या पूर्ण. मधे कुणी तोडू नका.'

माझी लय. माझी लीडरशिप. म्हणजे दोन आठवडे मंजूर मीच केलं, पण कधी मंजूर करायचं ते माझ्या घरून ठरत होतं!

टेस्टरने पाण्याचा ग्लास पुढे केला. मी घेतला नाही. मग घेतला.

दुपारी मॅनेजरने बोलावलं. सोमवारपासून टीम दाढीकडे. मी 'मार्गदर्शक'. हसला नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

यादीत क्रमांक तीन लिहिताना पेन थांबला, तरी लिहिला. बायको. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. तिने माझा केसाने गळा कापावा!

सकाळी विचारलंच. जरासुद्धा वरमली नाही. म्हणाली, अहो, तुम्ही जिन्यात एकटे जेवलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी टेस्टर भेटायला आली वॉर्डात. रडायच्या बेतात होती. म्हणाली, सरांशी कधी बोलावं तेच कळत नाही. जो तो आपापला अंदाज बांधतो, रोज कुणाचा तरी चुकतो आणि तो बोलणी खातो. मग मी म्हटलं, अंदाज बंद करा. एकीने लिहायचं, बाकीच्यांनी वाचायचं. लिहिणारी मी, कारण सकाळी तुम्ही माझ्यासमोर असता.

मी म्हटलं, माझ्या पाठीमागे? म्हणाली, समोर केलं असतं तर तुम्ही अर्ज मागितला असता.

मी विचारलं, दाढी स्वतःच्या काही वेगळ्या नोंदी ठेवतो का? नाही म्हणे. बाकी कुणी? कुणीच नाही. कुणी मधेच बदल केला? कुणाला लिहिताच येत नाही, तशी सोय केलीय म्हणाली. दुपारी माझ्यात फरक पडला तर टेस्टर हिला फोन करते, हिला पटलं तर ही लिहिते.

सोळा दिवस. पाच माणसं. एकदाही दोघांनी वेगवेगळं वागून गोंधळ झाला नाही.

दोन वाजेपर्यंत बाल्कनीत बसून होतो. मी चार आठवडे फळ्यावर चौकोन काढत होतो, आणि हिने ओट्याजवळ उभं राहून, अंगठ्याने, तेच बांधलं. माझ्यावर.

१ मार्च, रविवार

संकल्प: चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचं नाही. बघू कसं लिहिते ते.

सकाळी सहज शीळ घातली. न विचारता भाजी आणली. भाजीवाल्याशी विनोद केला. जेवताना दोनदा हसलो. बायकोने पानावरून मान वर करून बघितलं आणि पुन्हा जेवायला लागली. जिंकलो असं वाटलं. दुपारी ती फोन टेबलावर ठेवून कपडे वाळत घालायला गेली. बघायचं नव्हतं. बघितलं.

'सुट्टी असूनही लिहितेय. मुद्दाम हसतायत. त्रास होतोय.'

२ मार्च, सोमवार. सकाळी ८.२५

आज दाढीकडे चार्ज द्यायचा. माझी भूमिका ठरली आहे. शांतपणे जायचं. किल्ल्या, पासवर्ड, मंजुरीचे अधिकार टेबलावर ठेवायचे. ताठ मानेने. माफीबिफीचा प्रश्नच येत नाही. चूक तंत्राची होती, माणसाची नव्हती. उलट त्यांनीच माझी मागायला हवी. मला आता कुणाबद्दल राग नाही, लोभ नाही, काहीच नाही. अगदी रिकामा आहे मी आतून. हे इथे नोंदवून ठेवतो.

८.३५. बायको फोन टेबलावर ठेवून अंघोळीला गेली आहे. तिचं आजचं लिहून झालंय.

'झोप बरी. राग उतरलाय. टीम गेल्याचं दुःख आहे, तुम्ही दुरावलात त्याचं जास्त आहे. आज सगळ्यांना सॉरी म्हणायचंय, आरशासमोर म्हणून बघत होते. तिथे जमणार नाही, भलतंच काहीतरी बोलतील. तेच सॉरी समजा.'

दोनदा वाचलं. मी आरशासमोर होतो तेव्हा दार लावलेलं होतं.

दुरुस्ती सुचवावी म्हणून पुन्हा एकदा ओळीओळीने तपासलं. काही सापडलं नाही. बूट घालून निघतो आता.